नामंजूर म्हणायचे तर कारणासकट



'नामंजूर' हा शब्द आपल्या पाड्यांना नवा नाही. वनहक्काचा दावा टाकला, की कधीतरी वर्षांनी एक कागद येतो आणि त्यावर लिहिलेले असते, दावा नामंजूर. का नामंजूर, ते बहुतेक वेळा नसतेच. असले तर 'पुरावा अपुरा' एवढे दोन शब्द. कायदा तर सांगतो, नामंजूर करायचे तर कारण लिहून द्या, दावेदाराला कळवा, अपिलाला ६० दिवस द्या. आपण मोर्चे काढून, तहसीलाच्या दारात बसून हेच मागत आलो, की नाही म्हणता तर का ते सांगा. कारण न देता नाही म्हणणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता असाच एक 'नामंजूर' आपल्याही हातात आहे. मतदानाच्या मशीनवर सगळ्यात खालचे बटण, कागदावर काळी फुली मारलेले चित्र. त्याला 'नोटा' म्हणतात. म्हणजे वर जेवढे उमेदवार आहेत त्यांतला कोणीच आम्हाला नको.

निवडणूक जवळ आली की बैठकीत कोणी ना कोणी म्हणतेच, "औंदा कुनालाच नाय द्यायाचा. सगले सारकेच. नोटा दाबू." दुसरा म्हणतो, "मत फुकट जाईल." तिसरा म्हणतो, "त्यापेक्षा बहिष्कारच टाकू." यावर संघटनेचे मत काय, असे बऱ्याच पाड्यांतून विचारणे आले. म्हणून हे लिहितो आहोत. आमचे मत थोडक्यात असे: हे बटण आपला हक्क आहे, तो सोडायचा नाही. पण नुसते बटण दाबून काही होत नाही. कारण जोडले तरच त्या नकाराला वजन येते.

हे बटण आले कुठून

म्हाताऱ्या माणसांना कागदाची मतपत्रिका आठवत असेल. तेव्हा ज्याला कोणीच पसंत नसे तो दोन चित्रांवर शिक्का मारायचा, नाहीतर कोरीच घडी पेटीत टाकायचा. मत बाद व्हायचे. मोजणारे म्हणायचे, अडाणी लोक, शिक्कासुद्धा मारता येत नाही. ज्याने ठरवून नाही म्हटले तो आणि ज्याचा हात चुकला तो, दोघे एकाच गठ्ठ्यात.

मग मशीन आली. २००४ च्या लोकसभेला सगळ्या देशात मशीनवर मतदान झाले. मशीनवर मत बाद करताच येत नाही. कोणीच नको असेल तर एकच वाट उरली होती, १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९-ओ हा नियम. रजिस्टरात सही नाहीतर अंगठा दिल्यावर केंद्रावरच्या साहेबाला सांगायचे, मला मत द्यायचे नाही. तो तसा शेरा लिहिणार आणि त्यापुढे परत आपला अंगठा घेणार. खोलीत सगळ्या पक्षांचे एजंट बसलेले. ज्याच्या वीटभट्टीवर उचल घेतली त्याचाच माणूस तिथे बाकावर बसला असेल, तर त्याच्यादेखत कोण सांगणार, की तुमचा उमेदवार मला नको?

हीच गोष्ट घेऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. २७ सप्टेंबर २०१३ ला सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या खंडपीठाने निकाल दिला. मत देणाऱ्याचे मत जसे गुप्त, तसा न देणाऱ्याचा नकारही गुप्त राहिला पाहिजे, म्हणून मशीनवर वेगळे बटण ठेवा. त्याच वर्षाच्या शेवटी छत्तीसगड, मध्य प्रदेश, राजस्थान, मिझोराम आणि दिल्ली इथल्या विधानसभांना ते पहिल्यांदा वापरले गेले.

ही गुप्तता आपल्यासारख्यांसाठी लहान गोष्ट नाही. गडचिरोली, बस्तरकडच्या आपल्या भावांना एका बाजूने बहिष्काराचा हुकूम असतो आणि दुसऱ्या बाजूने बंदुका घेतलेले पोलीस. मत दिले तरी विचारणा, नाही दिले तरी विचारणा. आपल्याकडे बंदूक नसेल, पण भट्टीवाला आहे, ठेकेदार आहे, रेशन दुकानदार आहे. पडद्यामागे जाऊन कुणालाही कळू न देता 'नाही' म्हणता येणे, ही गरिबाच्या कामाची वस्तू आहे.

पण बटणाला दात नाहीत

आता दुसरी बाजू. उद्या शंभरातल्या नव्वद लोकांनी नोटा दाबले, तरी उरलेल्या दहांत ज्याला जास्त मते, तोच आमदार, तोच खासदार. डिपॉझिट जप्त करायचा हिशेब करतानाही नोटाची मते धरत नाहीत. लोकसभा आणि विधानसभेला आजचा कायदा असाच आहे.

२०२४ ला इंदूरमध्ये काय झाले ते बघा. मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली. मग त्या पक्षानेच लोकांना नोटा दाबायला सांगितले. २,१८,६७४ लोकांनी दाबले. एका मतदारसंघात एवढे नोटा आधी कधीच पडले नव्हते. तरी निवडून यायचा तो ११ लाखांवर मतांनी निवडून आला. दोन लाख माणसांचे 'नाही' मोजले, लिहिले आणि बाजूला ठेवले. सगळ्या देशात २०१४ ला नोटाला ६० लाखांच्या घरात मते पडली, २०१९ ला ६५ लाख, २०२४ ला ६३ लाखांवर. त्यांचेही तेच झाले.

नोटाने उमेदवाराला काहीच वाटत नाही, असे मात्र नाही. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये २०२४ ला निकाल लागला ४८ मतांनी, आणि तिथे नोटाला होती १५ हजारांवर. हरलेला माणूस त्या १५ हजारांकडे बघून हात चोळत बसला असेल. म्हणजे उमेदवार नोटाचा हिशेब करतो. पण कुठल्या गोष्टीसाठी हे लोक रागावले, ते त्याला कळत नाही. तिथेच आपले पुढचे बोलणे येते.

आकड्याला तोंड नसते

देशात शंभरामागे एक जण नोटा दाबतो. पण आदिवासींसाठी राखीव जागांवर हा आकडा वर जातो. बस्तरमध्ये २०१४ ला ३८ हजारांवर, पालघरमध्ये २०१९ ला २९ हजारांवर, गडचिरोली-चिमूरमध्ये त्याच वर्षी २४ हजारांवर. शंभरामागे दोनाहून जास्त.

याचा अर्थ काय? शहरातले काही जण म्हणतात, आदिवासींना मशीन कळत नाही, शेवटचे बटण चुकून दाबतात. म्हणजे शिक्का मारता येत नाही, तीच जुनी गोष्ट. दुसरे म्हणतात, राखीव जागेवरचे बिगर-आदिवासी मतदार आदिवासी उमेदवाराला मत द्यायचे नाही म्हणून नोटा दाबतात. हे काही ठिकाणी खरे असेल, नाही असे आम्ही म्हणत नाही. आपल्याला विचाराल तर आपण तिसरे सांगू. राखीव जागेचे तिकीट मुंबई-दिल्लीत ठरते. निवडून आलेला माणूस आपल्या जातीचा असतो, पण धरण, खाण, रस्ता, कंपनी असा जमिनीचा प्रश्न आला की तो पक्षाचा होतो, पाड्याचा राहात नाही. म्हणून लोक नाही म्हणतात.

यातले कुठले कारण किती खरे, हे २९ हजार हा आकडा सांगू शकत नाही. आकड्याला तोंड नसते. आपण कारण बोललो नाही तर दुसरा कोणी आपल्या वतीने बोलतो, आणि आपला राग अडाणीपणाच्या खात्यात जमा होतो.

त्याच वर्षी दिलेला दुसरा नकार

ज्या २०१३ साली नोटाचा निकाल आला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजून एक निकाल दिला होता. ओडिशात नियमगिरी डोंगर आहे, डोंगरिया कोंध आदिवासींचा देव. तिथे वेदांत कंपनीला बॉक्साइटची खाण हवी होती. न्यायालय म्हणाले, तिथल्या ग्रामसभांना विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये भर पावसात १२ गावांच्या सभा बसल्या, जिल्हा न्यायाधीशांच्या देखत. माणसे उठली, बाया उठल्या, आमचा देव कुठे आहे, पाणी कुठून येते, आम्ही काय खातो, ते एकेकाने सांगितले. बाराच्या बारा सभांनी नाही म्हटले. २०१४ च्या जानेवारीत केंद्राच्या पर्यावरण खात्याने खाणीला नकार दिला.

एकाच वर्षातले हे दोन 'नाही'. बारा लहान गावांच्या नकाराने एवढी मोठी कंपनी थांबली. लाखो लोकांच्या नोटाने एक आमदार थांबत नाही. फरक कशात आहे? एक तर वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या 'नाही'ला किंमत दिली आहे, नोटाला कायद्याने किंमत दिलेली नाही. आणि दुसरे, नियमगिरीचे लोक एकत्र बसले, बोलले, कारण सांगितले, ते लिहून घेतले गेले. नोटा आपण एकेकटे, मुक्याने दाबतो.

म्हणून आम्हाला वाटते, या दोन नकारांची गाठ घातली पाहिजे. बटण गुप्त राहू द्या. पण कारण चावडीवर, सगळ्यांच्या देखत, लिहून झाले पाहिजे.

स्थानिक निवडणुकांत मात्र थोडे दात आहेत

एक गोष्ट पुष्कळ जणांना ठाऊक नाही. आपल्या राज्याच्या निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत नोटाला सगळ्यांत जास्त मते पडली तर कोणालाच निवडून आले असे धरायचे नाही, परत निवडणूक घ्यायची. प्रभागात चारशे मतदार आणि तीन उमेदवार असतील, तर दीडशे लोकांचा नकारही निकाल अडवू शकतो. हे लोकसभेत नाही, आपल्या दारात आहे.

पण त्यातही दोन भोके आहेत. परत घेतलेल्या निवडणुकीत पुन्हा नोटाच पुढे आला, तर मात्र नोटा सोडून ज्याला जास्त मते तो निवडून येतो. म्हणजे आपले 'नाही' एकदाच ऐकणार. हरियाणाच्या आयोगाने त्याच वर्षी असे ठरवले, की नोटापेक्षा कमी मते पडलेल्या उमेदवाराला फेरनिवडणुकीत उभेच राहता येणार नाही. हे आपल्याकडेही व्हायला हवे.

दुसरे भोक बिनविरोधचे. एकच अर्ज राहिला की मतदान होतच नाही. मतदान नाही तर बटणही नाही. गावाने बसून, सगळ्यांना विचारून एक माणूस ठरवला तर ते चांगलेच आहे. मेंढा-लेखासारख्या गावात सगळ्यांच्या सहमतीने कारभार चालतो, तो आपल्याला आदर्श आहे. पण बिनविरोधच्या नावाखाली काय काय चालते तेही बघा. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. सहमती वेगळी आणि बोली वेगळी. एकच उमेदवार असला तरी मतदान व्हावे, एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला नोटा, अशी आपली मागणी असली पाहिजे.

दोन प्रश्न, जे बैठकीत येतात

"मत फुकट जाते, आणि जो नको तोच येतो." यात तथ्य आहे. म्हणून आम्ही सरसकट नोटा दाबा असे कधीच सांगणार नाही. विशेष करून पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. वनहक्काच्या दाव्यांचा निकाल उपविभागीय आणि जिल्हा समितीत लागतो, आणि या समित्यांवर अधिकाऱ्यांबरोबर पंचायत समितीचे आणि जिल्हा परिषदेचे तीन-तीन सदस्य असतात. आपला दावा कुणाच्या टेबलावर जातो ते या मतावरही ठरते. थोडा बरा, आपल्या बाजूने सही करील असा माणूस उभा असेल, तर त्याला टाकून नोटा दाबणे म्हणजे रागाच्या भरात घरचे बी भाजून खाणे. जिथे खरोखर सगळे एकाच माळेचे मणी आहेत, तिथेच हे बटण.

"मग बहिष्कारच का नको?" बहिष्कार आपणही टाकले आहेत, रस्त्यासाठी, पाण्यासाठी. साहेब लोक गाडीतून येतात, आश्वासन देतात, जातात. पण केंद्रावर कोणीच गेले नाही की कागदावर फक्त 'मतदान कमी' एवढे उमटते. ऊन होते, लोक भट्टीवर गेले होते, आदिवासींना उत्साह नाही, वाटेल ते कारण लावता येते. आणि कोण आले, कोण नाही, हे बोटाच्या शाईवरून कळते. नोटाला जाणारा माणूस रांगेत उभा राहतो, शाई लावून घेतो आणि मग नाही म्हणतो. तो मोजला जातो. न गेलेला मोजला जात नाही. शिवाय घरी बसलेल्याच्या नावावर दुसराच कोणी मत टाकून जातो, हेही आपण बघितले आहे.

आणि एक पथ्य. पैसे, दारू, कोंबडी घेऊन नोटा दाबणे हा नकार नव्हे. विरोधकाची मते कमी व्हावीत म्हणून नोटा वाटून 'नोटा' दाबायला सांगणारेही उद्या निघतील. त्यांना पाड्याबाहेरूनच वाट दाखवा.

तर करायचे काय

एक, निवडणूक लागली की पाड्याची ग्रामसभा बोलवा. बाया आल्याशिवाय सुरू करू नका. जमीन, जंगल, पाणी आणि मोहाच्या फुलाचा, सरपणाचा, गोठ्याचा हिशेब त्यांच्याकडे असतो.

दोन, प्रश्न लिहून काढा. आपल्या गावाचे किती दावे पडून आहेत? किती नामंजूर झाले? कसतो किती आणि सातबाऱ्यावर आले किती गुंठे? सामूहिक हक्काचे पत्र आले का? आले तर फॉरेस्टवाले ते पाळतात का? गावातून जाणाऱ्या प्रकल्पाला ग्रामसभेला विचारले का? पाच-सहा प्रश्न पुरे, पण आकड्यासकट.

तीन, सगळ्या उमेदवारांना बोलवा, एकालाच नाही. ज्याला यायला वेळ नाही त्याला प्रश्न लेखी पाठवा आणि लेखी उत्तर मागा. तोंडी आश्वासनाची पावती नसते.

चार, उत्तरे ग्रामसभेत वाचा. कोणीच धड उत्तर दिले नाही, तर तसे ठरावात लिहा: या या कारणांसाठी या उमेदवारांनी आमच्या गावाला उत्तर दिलेले नाही. तिथेच थांबा. अमक्याला द्या, नोटाच दाबा, नाही दाबले तर दंड, असला ठराव करायचा नाही. बटण ज्याचे त्याचे. नवऱ्याने बायकोला, पुढाऱ्याने पाड्याला सांगायचे नाही. गुप्ततेसाठी एवढे भांडून बटण मिळाले, ते आपणच मोडायचे नाही.

पाच, निकालानंतर केंद्रवार मतांचा तक्ता निघतो, त्याला फॉर्म २० म्हणतात. त्यात आपल्या केंद्रावर नोटाला किती पडली ते कळते. तो आकडा आणि आपला ठराव एकत्र जोडा. एक प्रत निवडून आलेल्याला, एक हरलेल्यांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक वर्तमानपत्राला. मग त्या आकड्याला तोंड येईल.

यात धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. लहान पाड्याचे केंद्र असेल तर तोच तक्ता निवडून आलेलाही बघतो. "या पाड्याने आम्हाला नाकारले" म्हणून बोअरिंग अडवले, घरकुलाची यादी अडवली, असे होऊ शकते. म्हणून एका पाड्याने हे एकट्याने करू नये. दहा पाडे एकाच वेळी ठराव करतील तर कुणाकुणाचे पाणी तोडणार? आणि तोडलेच तर संघटना सोबत आहे.

आपली मागणी

२०२४ च्या एप्रिलमध्ये, नोटाला सगळ्यांत जास्त मते पडली तर फेरनिवडणूक घ्या, अशा मागणीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला नोटीस काढली. प्रश्न जिवंत आहे. तो शहरातल्या वकिलांवर सोडून चालणार नाही. लोकसभा-विधानसभेलाही नोटा पुढे आला तर निवडणूक परत घ्या. नाकारलेल्या उमेदवाराला परत उभे करू नका. एकच उमेदवार असला तरी लोकांना विचारा. या तीन मागण्या यापुढे आपल्या प्रत्येक निवेदनात, जमिनीच्या मागण्यांच्या खाली, लिहायच्या. खाली अशासाठी, की जमीन आधी.

आमचे दावे नामंजूर करणाऱ्यांना आम्ही कारण विचारतो. मग आम्ही त्यांना नामंजूर करू तेव्हा कारणही देऊ. ते लेखी असेल, ग्रामसभेच्या शिक्क्यासकट असेल, आणि त्यांनी आम्हाला कधी दिले त्यापेक्षा जास्त शब्दांत असेल.

हा अंक पाड्याच्या बैठकीत मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे मत आधी विचारा. काय ठरले ते पुढच्या अंकासाठी कळवा. पटले नसेल तर तेही कळवा, पण कारणासकट.

जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!